ओसरीवर आलेले दुकान
(प्रस्तावना)

आपल्या गावांतून आणि शहरांतल्या जुन्या वाड्यांतून पूर्वी दोन तऱ्हांचा व्यापार चाले. गादी टाकून बसलेल्या वाण्याकडे किंवा कापडवाल्याकडे गिऱ्हाईक आपल्या पायांनी, आपल्या सवडीने आणि आपली गरज घेऊन जाई. तर कासार, कल्हईवाला, बोहारीण, अत्तरवाला ही मंडळी आपला माल घेऊन गिऱ्हाइकाच्या दाराशी येत. यांतही कासाराचे स्थान सर्वांत नाजूक. घरातील पुरुषमंडळी कामावर गेली असता, भर दुपारी, तो ओसरीवर येऊन बसे, आणि परक्या पुरुषापुढे ज्यांनी डोक्यावरचा पदरही ढळू देऊ नये असा त्या काळाचा कडक शिरस्ता होता, त्याच लेकीसुना त्याच्यापुढे निःशंकपणे हात पुढे करीत. हा विश्वास त्याला कोणत्या सनदेने मिळाला होता? लिहिलेली सनद कुठेच नव्हती. परंतु हाक आल्याशिवाय तो पायरी चढत नसे. माजघरात काय चालले आहे याकडे मान वळवीत नसे. एका घरात कानांवर पडलेले दुसऱ्या घरी बोलत नसे. भरताना बांगडी पिचली तर तिचे दाम मागत नसे. आणि ‘फुटली’ हा अशुभ शब्द सवाष्णीच्या कानी पडू नये म्हणून बांगडी ‘वाढवली’ असेच म्हणत असे. यांपैकी एक गोष्ट जरी तो चुकला असता, तरी त्या आळीतील सारी दारे त्याला एका दिवसात बंद झाली असती.

समाजमाध्यमांवर व्यवसाय करणाऱ्यांनी पाळावयाची रीतभात हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे, आणि त्याच्या प्रस्तावनेचा आरंभ कासारापासून करावासा वाटला याला कारण आहे. ज्या यादीत आईचा निरोप, मुलाच्या शाळेची सूचना, रुग्णालयातून आलेला रक्ततपासणीचा अहवाल आणि परगावच्या बहिणीने पाठवलेले भाच्याचे छायाचित्र एकाखाली एक येतात, त्याच यादीत आज साडीच्या दुकानाचा, भूखंड विकणाऱ्याचा आणि दंतवैद्याचा मजकूर येऊन बसतो. मोबाइल रात्री उशाशी असतो. तो माजघराच्याही आतला आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर वा इन्स्टाग्रामवर येणारा व्यावसायिक आपण आपल्या दुकानात बसलो आहोत असे समजून वागू लागला, म्हणजे त्याची पहिली चूक होते. दुकानाच्या चार भिंतींत मालकाचा शिरस्ता चालतो. दुसऱ्याच्या ओसरीवर घरच्यांचा चालतो. तेथे वेळ त्यांची, विषय त्यांच्या आवडीचा, आणि ‘आज नको’ हा शब्द अखेरचा. माझे सारे प्रतिपादन या एका भेदावर उभे आहे.

या माध्यमांचा उपयोग करून विक्री कशी वाढवावी हे शिकवणारी पुस्तके आणि वर्ग पुष्कळ आहेत. त्यांत सौजन्याचेही एखादे प्रकरण असते, पण तेथे सौजन्य हे भांडवल म्हणून सांगितलेले असते: गोड बोला, म्हणजे गिऱ्हाईक टिकेल. मला ही मांडणी मान्य नाही. गोड बोलल्याने विक्री वाढेल, कदाचित वाढणारही नाही. परंतु ज्याच्या घरात आपण शिरलो त्याचे आपण काही देणे लागतो, आणि ते देणे विक्री होवो वा न होवो फेडलेच पाहिजे, अशी माझी धारणा आहे. ज्यांना केवळ नफ्याचा हिशेब पाहावयाचा आहे, त्यांना हे पुस्तक फारसे उपयोगी पडणार नाही.

धंद्याने लोकांशी संवाद साधण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले तेव्हापासून मराठीत वृत्तपत्रे आहेत, आणि वृत्तपत्रांबरोबर जाहिरातीही वाढल्या. १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर व्यापारी जाहिराती ऐकू येऊ लागल्या. परंतु पान उलटणे किंवा रेडिओची कळ फिरवणे वाचकाच्या आणि श्रोत्याच्या हाती होते, आणि जाहिरातदाराला त्याचे नाव-गाव ठाऊक नव्हते. या सगळ्यात आजच्या स्थितीला अतिशय जवळचा असा एक दाखला मला सापडतो, तो ‘किर्लोस्कर खबर’चा. औंध संस्थानातील कुंडलजवळच्या ओसाड माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशा समजुतीच्या शेतकऱ्याला तो नांगर घ्यावयास लावणे हे ओतकामापेक्षा बिकट काम होते. त्याची शंका ऐकून घेतल्यावाचून आणि तिचे निरसन केल्यावाचून एकही फाळ विकला जाणे शक्य नव्हते. कारखान्याची, मालाची आणि अडत्यांची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचावी म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिचे संपादन शंकरराव किर्लोस्करांनी हाती घेतले. ते निव्वळ मालाचे पत्रक राहिले असते, तर चार-दोन वर्षांत विस्मृत झाले असते. शंकररावांनी वाचकाला काय हवे याचा विचार केला; उद्योग, शेती, समाजसुधारणा, कथा, चित्रे यांना त्यात जागा दिली; आणि कारखान्याचे ते खबरपत्र ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी घराघरांत मानाने बसले. १९३० साली त्याला ‘स्त्री’ची आणि पुढे ‘मनोहर’ची जोड मिळाली. नांगर आणि चरक यांच्या जाहिराती त्यात होत्याच, पण वाचक त्या सहन करीत नव्हता. ज्याने आपल्याला काही दिले त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशा भावनेने तो त्या पाहत होता. आज ज्या दुकानदाराला ‘रोज एक पोस्ट टाकलीच पाहिजे’ असे कुणी सल्लागार सांगतो, त्याने त्या खबरपत्राचे जुने अंक एखाद्या ग्रंथालयात बसून चाळावेत. रोज बोलण्यासारखे आपल्यापाशी काय आहे, हा प्रश्न शंकररावांनी आधी सोडवला होता.

व्हॉट्सॲप २००९ साली निघाले, आणि केवळ व्यावसायिकांसाठी त्याची निराळी आवृत्ती २०१८ च्या जानेवारीत आली. परंतु आपल्या लहान व्यापाऱ्याच्या हाती ते खऱ्या अर्थाने आले २०२० च्या टाळेबंदीत. वाण्याकडे यादी पाठवावी, त्याने पिशवी भरून फाटकापाशी ठेवावी, पैसे मोबाइलवरून द्यावेत, ही वहिवाट त्या दोन-तीन महिन्यांत पडली. त्याच वर्षी कोकणातला आंबा ऐन हंगामात वाहतूक आणि बाजार यांच्या कोंडीत सापडला, आणि रत्नागिरी-देवगडच्या कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातील गृहसंस्थांशी थेट सूत जुळवले. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्येच मिळाले होते. आता बागायतदाराचा स्वतःचा शब्द, त्याच्या बागेचे छायाचित्र आणि पेटीतला आंबा यांचा पडताळा गिऱ्हाइकाला घरबसल्या घेता येऊ लागला. दलालाच्या मध्यस्थीशिवाय उत्पादक आणि खाणारा एकमेकांशी बोलू लागले, ही या माध्यमाची मोठी देणगी आहे. ती मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच तिची नासाडी होताना पाहून अस्वस्थ होतो.

त्या वर्षी मीही एका बागायतदाराला दोन पेट्यांसाठी माझा क्रमांक दिला. आंबे उत्तम निघाले. पुढे आषाढात त्याच क्रमांकावर कर्जत परिसरातील भूखंडांची योजना आली, मागोमाग विम्याची आली, आणि एके सकाळी पाहतो तो दोनशेच्या वर अनोळखी माणसांच्या एका ग्रुपमध्ये मला घालून ठेवलेले. त्यांत आमच्या इमारतीतील एक एकटी राहणारी भगिनीही होती. ग्रुपमध्ये घातले म्हणजे प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. तिला त्या रात्रीपासून परक्या माणसांचे नको ते निरोप येऊ लागले. क्रमांक आंब्यासाठी दिला होता. तो दुसऱ्या कामी वापरणे म्हणजे विश्वासाने ठेवलेली किल्ली परस्पर दुसऱ्याच्या हवाली करणे होय. कासाराने एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेली नाही. येथे तर घराची वाटच चव्हाट्यावर मांडली गेली.

याबाबतीत मला एका गोष्टीचे फार महत्त्व वाटते, आणि ती पुष्कळ व्यावसायिकांच्या ध्यानात आलेली नसते. व्हॉट्सॲपवर अनेकांना एकदम निरोप पाठवण्याची ‘ब्रॉडकास्ट’ नावाची जी सोय आहे, तिच्या यादीत २५६ जणांची मर्यादा असते, आणि तो निरोप ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणजे गिऱ्हाइकाने दुकानदाराचे नाव लिहून ठेवावे, ही हाक. आणि हाक आल्याशिवाय पायरी चढता येऊ नये, ही बांधणी. यंत्र बांधणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो, कासाराचा नियम त्यांच्या हातून यंत्रात उतरला आहे. हा आडसर ओलांडता यावा म्हणूनच ग्रुपची क्लृप्ती निघाली. मग २०१९ मध्ये आपल्याला कोणी ग्रुपमध्ये घालावे हे ठरवण्याची मुभा ज्याच्या त्याच्या हाती देण्यात आली. दूरध्वनीच्या बाबतीत हेच आधी घडले होते: नको असलेल्या व्यापारी फोनांपासून सुटका मिळावी म्हणून २००७ साली देशव्यापी नोंदवही सुरू करावी लागली, आणि १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती कळवण्याची सोय झाली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचेही सूत्र असेच आहे की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि संमती दिली तशी ती काढूनही घेता यावी. शिष्टाचार मोडला की त्या जागी कायदा येऊन बसतो. परंतु कायद्याच्या धाकाने थांबणारा आणि उंबरठा पाहून आपणहून थांबणारा, या दोघांना समाज एकाच मापाने मोजीत नाही.

आता तक्रारीविषयी. या पुस्तकातील सर्वांत मोठे प्रकरण तिच्यावर आहे, कारण रीतभातीची खरी परीक्षा तेथेच होते. २००८ च्या मार्चमध्ये डेव्ह कॅरोल नावाचा कॅनडाचा गायक शिकागोमार्गे युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाने प्रवास करीत असता त्याची गिटार सामान हाताळणाऱ्यांच्या हातून मोडली. दुरुस्तीला १,२०० डॉलर लागले. त्याने कंपनीकडे दाद मागितली. जवळजवळ नऊ महिने तो या कचेरीतून त्या कचेरीकडे फिरत राहिला. अखेर चोवीस तासांच्या मुदतीत दावा दाखल केला नाही, या सबबीवर त्याला नकार मिळाला. मग ६ जुलै २००९ रोजी त्याने आपल्या तक्रारीचे गाणे करून यूट्यूबवर ठेवले, आणि पहिल्या काही दिवसांतच ते लक्षावधी लोकांनी पाहिले. या घटनेचा दाखला देणारे बहुतेक लोक गाण्याच्या प्रभावापाशी थांबतात. मला त्या नऊ महिन्यांविषयी बोलावेसे वाटते. त्या काळात त्याच्याशी बोललेल्या प्रत्येक माणसाने आपापल्या नियमाप्रमाणे चोख काम केले असेल, प्रत्येक पत्राची बारनिशीत नोंदही झाली असेल. पण ‘तुमचे वाद्य आमच्याकडून मोडले, ही आमची चूक’ एवढे म्हणण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कुणाकडे नसावा. तक्रार घेऊन येणारा माणूस पैसे मागत असतो हे खरे, परंतु त्याआधी तो आपल्या म्हणण्याची पोच मागत असतो. ती पोच खासगीत मिळाली नाही, म्हणजे मग तो चावडीवर येतो.

चावडीवर आलेल्या माणसाशी कसे वागू नये, याचा धडा २०१० साली नेस्ले कंपनीने दिला. चॉकलेटमधील पामतेलापायी इंडोनेशियातील अरण्ये तोडली जातात, असा आक्षेप ग्रीनपीस या संस्थेने घेतला, आणि पुष्कळांनी कंपनीच्या बोधचिन्हाची मोडतोड केलेली चित्रे लावून तिच्या फेसबुक पानावर जाब विचारला. पान सांभाळणाऱ्याने त्यांना फटकळ उत्तरे दिली, ती चित्रे लावणाऱ्यांचा मजकूर काढून टाकण्याची ताकीद दिली, आणि वाद अरण्यांचा होता तो उद्धटपणाचा होऊन बसला. कंपनीला त्या भाषेबद्दल माफी मागावी लागली. याउलट २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या ट्विटर खात्यावरून तेथील एका कर्मचाऱ्याचा बियरविषयीचा खासगी मजकूर चुकून प्रसिद्ध झाला, तेव्हा संस्थेने तो काढून घेतला, चूक झाली हे हसतमुखाने कबूल केले आणि त्या कर्मचाऱ्याला लोकांपुढे उभे केले नाही. ज्या बियरचा उल्लेख झाला होता तिच्या चाहत्यांनी उलट संस्थेला देणग्या दिल्या. कबुली जितकी लवकर आणि जितकी साधी, तितका लोकांचा राग ओसरणे सोपे जाते, असा अनुभव आहे.

कबुलीच्या भाषेविषयी येथे थोडे विषयांतर करतो. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य आता फलाटापासून बँकेपर्यंत सर्वत्र ऐकू येते आणि प्रत्येक व्यावसायिक खात्यावर तयार ठेवलेले असते. ‘दिलगीर’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. दिल म्हणजे हृदय, आणि गीर म्हणजे धरणे, पकडणे. ज्याचे काळीज दुःखाने आवळले गेले आहे तो दिलगीर. एवढा भार वाहणारा शब्द यंत्राने आपोआप पाठवावयाच्या उत्तरात घालून ठेवणे हा शब्दाचाही अपमान आहे आणि ज्याची सून बाळंतपणाला आली असता डिंकाचे लाडू चार दिवस उशिरा पोहोचले त्या माणसाचाही. त्यापेक्षा ‘तुमची पेटी मंगळवारी निघावयास हवी होती, आमच्याकडून चिठ्ठी चुकीची लागली, आज दुसरी पाठवली आहे’ असे लिहावे. त्यात दिलगिरीचे नावही नाही, पण लिहिणाऱ्याने पेटीची चौकशी केली होती हे कळते.

किमतीच्या बाबतीत एक विचित्र प्रथा रूढ झाली आहे. साडीचे, दागिन्याचे किंवा मोदकांचे छायाचित्र सर्वांसमोर मांडावयाचे, आणि कुणी ‘केवढ्याला?’ असे विचारले की ‘ताई, इनबॉक्समध्ये कळवले आहे’ असे उत्तर द्यावयाचे. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची रीत होती. दोघांतला भाव तिसऱ्याला कळू नये हा तिचा हेतू. शेतमालाच्या बाजारात असल्या गुप्त सौद्यांपायी शेतकरी किती नागवला जातो हे दिसून आल्यावर उघड लिलावाचा आग्रह धरावा लागला, आणि बाजार समित्यांच्या कायद्यांमागे ती तळमळ होती. सराफाने सोन्याच्या चढउतारामुळे किंमत रोज सांगावी हे समजू शकते. पण पाव किलो चकलीची किंमत कानात सांगण्यासारखे काय आहे? ‘एकच भाव’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला एक मोठा मान दिला होता: तुझा चेहरा, तुझे कपडे, तुझी अडचण पाहून मी भाव ठरवणार नाही. हा मान काढून घेणे मला खटकते.

दुःखाच्या प्रसंगी मौन कसे पाळावे, हे तर आपण नव्याने शिकले पाहिजे. २०१२ च्या एप्रिलमध्ये सुमात्राजवळ समुद्रात भूकंप होऊन थायलंडमध्ये त्सुनामीचा इशारा दिला गेला आणि लोक किनारे सोडून निघाले, तेव्हा तेथील केएफसीच्या फेसबुक पानावर, घरी जाऊन बातम्या पाहा आणि आपला आवडता पदार्थ मागवायला विसरू नका, अशा आशयाचा मजकूर झळकला. नेपाळच्या २०१५ च्या भूकंपानंतर आपल्याकडच्या एका चष्मेविक्रेत्या कंपनीने हादऱ्यावर कोटी करून सवलतीचा निरोप पाठवला. दोघांनीही मागाहून क्षमा मागितली. परंतु या उघड उघड ढोबळ चुकांपेक्षा आपल्याकडची एक सौम्य चूक मला अधिक बोचते, कारण ती चूक आहे असे कुणास वाटतच नाही. एखादा थोर गायक, एखादी ज्येष्ठ अभिनेत्री, एखादा लोकनेता निवर्तला की तासाभरात त्यांचे कृष्णधवल छायाचित्र, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याखाली त्याहून ठसठशीत अक्षरांत दुकानाचे नाव, बोधचिन्ह, शाखा आणि संपर्क क्रमांक असा मजकूर दारोदार फिरू लागतो. अंत्ययात्रेत आपल्या दुकानाचा फलक घेऊन चालावे असे कुणाही सभ्य माणसाच्या मनात येणार नाही. मग येथे ते का यावे? ज्यांना खरोखर वाईट वाटले असेल त्यांनी बोधचिन्ह काढून लिहावे. आणि लिहिण्यासारखे काही नसेल तर त्या दिवशी मालाच्या जाहिराती थांबवल्या तरी पुरे. गणपतीच्या आणि पाडव्याच्या शुभेच्छांनाही थोड्याफार फरकाने हेच लागू आहे. शुभेच्छा हा निरोप असतो. त्यावर पंधरा टक्के सूट चिकटवली की त्याची पावती होते.

मराठीपुरता एक प्रश्न आणखी निराळा आहे, तो संबोधनाचा. आपल्या भाषेत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तीन पायऱ्या आहेत, आणि परक्या माणसाशी बोलताना कोणत्या पायरीवर उभे राहावे हे लहान मुलालाही घरात शिकवलेले असते. हिंदीतून घाईने उतरवलेल्या जाहिरातींत मात्र ‘तू’ आणि ‘आपण’ एकाच वाक्यात भेटतात, क्रियापद एकाचे आणि सर्वनाम दुसऱ्याचे असते. तरुणांशी बोलताना जवळीक दाखवावी म्हणून सरसकट ‘तू’ म्हणणारी खाती आहेत. ती साठीच्या गृहस्थालाही त्याच हाकेने बोलावतात. दुसरीकडे ‘ताई’, ‘दादा’, ‘काका’ ही आपली नाती आहेत, आणि भाजीवाल्या मावशीने ‘ताई, आज मेथी ताजी आहे’ म्हटले तर ती जवळीक तिने दहा वर्षांच्या व्यवहारातून कमावलेली असते. ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही त्याने पहिल्याच निरोपात ‘ताई’ न म्हणता, नावापुढे ‘जी’ही न लावता, साधे ‘नमस्कार’ लिहून ‘तुम्ही’ म्हणावे, हे मला योग्य वाटते. आडनावावरून जात आणि नावावरून धर्म ओळखून भाषा बदलणाऱ्यांविषयी मी पुस्तकात स्वतंत्रपणे लिहिले आहे. येथे त्याची वाच्यता करीत नाही.

पैसे घेऊन केलेल्या स्तुतीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो विषय आता शिष्टाचाराच्या कक्षेतून कायद्याच्या कक्षेत बराचसा गेला आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी नियम घालून दिले: मोबदला घेतला असेल तर तसे स्पष्ट सांगावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना लक्षावधी रुपयांचा दंड आहे, आणि गिऱ्हाइकांच्या म्हणून छापल्या जाणाऱ्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये एक मानकही तयार केले आहे. पैसे घेऊन साक्ष देणाऱ्याला आपल्या भाषेत जे नाव आहे ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्याच भाच्याकडून पाच चांदण्या लावून घेणाऱ्या दुकानदाराने ते एकदा आठवावे.

ज्याच्याविषयी या विषयावरील पुस्तकांत सहसा कुणी लिहीत नाही, त्या माणसाकडे आता वळतो. दुकानाच्या परवान्याला आपल्याकडे ‘गुमास्ता’ म्हणतात. मूळ गुमास्ता म्हणजे धन्याच्या वतीने व्यवहार करणारा, त्याच्या नावाने सही करणारा विश्वासू माणूस. आजचा गुमास्ता म्हणजे बावीस-तेवीस वर्षांची एखादी मुलगी, जी तीन दुकानांची खाती सांभाळते, महिन्याच्या ठरीव पगारावर रात्री अकरा वाजताही उत्तरे देते, आणि धन्याने केलेल्या चुकीबद्दल परक्या माणसांच्या शिव्या खाते. अशा एका मुलीने मला आपला मोबाइल दाखवला होता. एका संतप्त गिऱ्हाइकाने तिच्या आईबद्दल लिहिले होते आणि त्याखाली तिने लिहिले होते, ‘आपल्या भावना समजल्या, आम्ही सुधारणा करू.’ हे तिने धन्याच्या हुकुमाने लिहिले होते. ज्याने मुखत्यारपत्र दिले त्याने मुखत्याराचे रक्षण केले पाहिजे, हा व्यवहाराचा जुना दंडक आहे. कोणत्या प्रश्नाचे उत्तर तिने द्यावे, कोणता धन्याकडे आणावा, किती वाजल्यानंतर देऊ नये, आणि कोणत्या भाषेला उत्तरच देऊ नये, हे धन्याने लिहून तिच्या हाती दिले पाहिजे. पुण्यात दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या रीतीची बाहेरगावचे लोक थट्टा करीत आले. मला मात्र त्या पाटीत आपल्या आणि आपल्या नोकरांच्या जेवणाचा आणि विश्रांतीचा उघडपणे सांगितलेला हक्क दिसतो. ‘सकाळी दहा ते रात्री आठ या वेळेत उत्तर मिळेल’ असे खात्यावर लिहून ठेवणारा व्यावसायिक गिऱ्हाइकाशी प्रामाणिक आहे आणि त्या मुलीशीही.

निवडणुकीच्या प्रचाराचा आणि राजकीय पक्षांच्या समाजमाध्यमांचा विचार मी या पुस्तकात केलेला नाही. तो विषय मोठा आहे आणि त्याची नीती व्यापाराच्या नीतीहून भिन्न आहे. मोठ्या कंपन्यांचे दाखले दिले असले, तरी लिहिताना डोळ्यांपुढे होता तो आपला लहान व्यापारी: घरगुती मसाले विकणारी गृहिणी, शिकवण्या घेणारा शिक्षक, सासवडचा अंजीरवाला, पणजीतील वा म्हापशातील खानावळ चालवणारे कुटुंब, आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसांना दिवाळीचा फराळ पाठवणारे असंख्य उद्योग. त्यांच्याकडे वेगळा विभाग नाही, वकील नाही. जे करावयाचे ते स्वतःच्या समजुतीने करावयाचे आहे.

अखेरचे प्रकरण निरोपाविषयी आहे, आणि ते एका किराणा दुकानदारामुळे लिहिले गेले. आमच्या गल्लीत त्यांचे दुकान पस्तीस वर्षे होते. टाळेबंदीत त्यांच्या मोबाइलवर साऱ्या गल्लीचे क्रमांक, पत्ते, कुणाला साखर वर्ज्य, कुणाच्या घरी बाळ आहे, कुणाची उधारी किती, हे सगळे जमा झाले होते. मुलगा बाहेरगावी स्थायिक झाल्यावर त्यांनी दुकान आवरले. क्रमांकांची ती यादी विकत घ्यावयास एक जण आला होता, असे नंतर कळले. पूर्वी कर्ज फिटले की सावकार ऋणकोच्या देखत खत फाडून त्याच्या हाती देई. या गृहस्थांनी शेवटच्या दिवशी प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला. मला आलेला असा होता: “नमस्कार. उद्यापासून दुकान बंद. तुमचे एकशे चाळीस रुपये आमच्याकडे जास्त आले होते, ते आज पाठवले आहेत, मिळाल्याचे कळवा. कोपऱ्यावरच्या दुकानात तुमचा तांदूळ मिळतो, मी त्यांना सांगून ठेवले आहे. तुमचे उत्तर आले की तुमचा नंबर आणि याद्या मी काढून टाकणार आहे.” मी पैसे मिळाल्याचे कळवले आणि चार ओळी आभाराच्या लिहिल्या. त्या त्यांनी वाचल्याची निळी खूण उमटली. त्यानंतर त्या क्रमांकावरून काही आलेले नाही.